दोन किलोंची मुभा

पुएर्तो मॉन्तच्या सर्जनने बोटांवर मोजून सांगितलं:
आठ आठवडे कुशीवर झोपायचं नाही.
खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यायचा नाही.
दोन किलोंच्या वर काहीही उचलायचं नाही.
मी विचारलं, भरलेली किटली?
तो म्हणाला, अर्धी.

मग फेरीतून सामुद्रधुनी ओलांडून बेटावर, घरी.
रस्त्यातला प्रत्येक खड्डा
आधी तारेला कळला, मग मला.

चाळीस वर्षं होड्या बांधल्या मी.
आधी फासळ्या उभ्या करायच्या, फळ्या नंतर.
वाफेवर मऊ केलेलं लाकूड वाकवताना
फुटण्याच्या जरा आधी ते काय म्हणतं
ते कानाला कळतं.
आता माझाच सांगाडा कुणीतरी मधोमध कापला,
उघडला, दिव्याखाली काम केलं
आणि पोलादी तारेने सात ठिकाणी आवळून परत दिला.
दुसऱ्या कारागिराच्या हातचं काम
न तपासता पाण्यात सोडायची
ही माझी पहिलीच वेळ.

एर्मेलिंदाने खुर्ची चुलीशेजारी ओढली.
पाठीला तीन उशा, पोटाशी चौथी,
खोकला आला की कवटाळायला.
चौथीवर तिच्या आईने भरलेली दोन बदकं आहेत.
दिवसातून वीसदा मी त्यांचे गळे आवळतो.

मोजे ती घालते.
पायातली शीर काढून छातीत बसवली, तिथे
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाक्यांची ओळ.
मोजा चढवताना ती त्या ओळीकडे बघत नाही
आणि मी तिच्या भांगाकडे बघत राहतो,
इतका रुंद कधी झाला?

तिसऱ्या आठवड्यात रडू सुरू झालं.
बटाट्याचं साल एका लांब पट्टीत निघालं, रडलो.
रेडिओवर फेरीच्या वेळा सांगितल्या, रडलो.
नर्स म्हणाली, होतं असं, ठरावीक काळ.
एर्मेलिंदा म्हणाली, रड,
फक्त हुंदके देऊ नकोस.

चालणं: पहिल्या दिवशी फाटकापर्यंत.
दुसऱ्या दिवशीही फाटकापर्यंत.
नवव्या दिवशी क्लोरिंदाच्या मेंढ्यांपर्यंत,
तिथे कुंपणाला धरून उभा राहिलो
आणि एका मेंढीने माझ्याकडे
आजारी मेंढीकडे बघावं तसं बघितलं.

ओव्हिदिओ, माझा सख्खा भाऊ.
सायप्रसच्या एका ओंडक्यावरून बारा वर्षं अबोला.
एका सकाळी अंगणात लाकूड फोडण्याचा आवाज.
न विचारता आला, न विचारता लागला.
आत कुणी डोकावलं नाही, बाहेर कुणी गेलं नाही.
पण घाव नीट बसत नव्हता,
प्रत्येक फटका लाकडात अडकत होता.
दोन दिवस सहन केलं.
तिसऱ्या दिवशी खिडकी उघडायला लावली:
कुऱ्हाड बोथट आहे.
तो वर न बघता म्हणाला,
तुझीच आहे. न्यायची राहिली होती, म्हणजे
परत द्यायची.

हसू आलं.
खोकल्यापेक्षा वाईट असतं हसू,
उघडलेल्या हाडाला ते कुठे थांबायचं कळत नाही.
बदकं, मी ओरडलो, बदकं द्या,
एर्मेलिंदा उशी घेऊन धावली
आणि खिडकीबाहेर तो
हातात माझी कुऱ्हाड घेऊन
घाबरून उभा, की याला मी मारलं की काय.

ओंडक्याचं बोलणं अजून निघालेलं नाही.
निघेल, किंवा नाही.

परवा त्याने शेडमधून आलेर्सेची साल आणली,
फळ्यांच्या सांध्यांत ठोकायला तिचे धागे लागतात.
एर्मेलिंदाने बटाट्यांच्या तराजूवर पोतं तोललं,
थोडी साल काढून ठेवली,
पुन्हा तोललं, मग मांडीवर दिलं.
चुलीशी बसून मी धागे सुटे करतो.
लाकडाचा तांबूस भुसा मोज्यांवर पडतो.
खपली वाळत आलीये, खाजते फार,
तिथे हात जाऊ नये
म्हणून दोन्ही हात कामाला लावलेत.